दाराशी खाडी, दूर समुद्र : ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसरातील सागरी युवा नेतृत्व-प्रशिक्षण आणि महाविद्यालयांची जबाबदारी

प्रास्ताविक

कळवा आणि ठाणे या दोन स्थानकांच्या दरम्यान लोकल गाडी खाडीवरील पुलावरून जाते. कल्याण-डोंबिवलीहून मुंबईच्या दिशेने शिक्षणासाठी येणारे हजारो विद्यार्थी हे पाणी दिवसातून दोन वेळा ओलांडतात. सकाळी भरतीने भरलेली खाडी संध्याकाळी ओहोटीमुळे चिखलाच्या पट्ट्यासारखी दिसते. हा बदल विद्यार्थ्यांच्या नजरेखालून जातो, परंतु तो का होतो, त्याची वेळ कशी काढतात, त्या पाण्यात नाव कशी हाकतात हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. ठाणे परिसरातील तरुणांचे समुद्राशी असलेले नाते आज बहुतांशी खिडकीतून पाहण्यापुरते उरले आहे.

सागरी युवा नेतृत्व-प्रशिक्षण हा विषय निघाला की तो विद्यार्थ्याच्या वैयक्तिक हौसेचा भाग मानला जातो. 'ज्याला आवड असेल तो जाईल' अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात या प्रशिक्षणाचा आपल्याकडील सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी खर्चाचा मार्ग, म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेचा नौदल विभाग, हा शैक्षणिक संस्थेच्या दारातूनच जातो. संस्थेत तुकडी नसेल तर विद्यार्थ्याची आवड कितीही तीव्र असली तरी तिला सहसा वाट मिळत नाही. प्रस्तुत लेखात या प्रशिक्षणाचे स्वरूप, त्यात दाखल होण्याची पद्धत आणि त्या संदर्भात ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसरातील महाविद्यालये व प्राध्यापक यांच्यावर येणारी जबाबदारी यांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : धाडस होते, दार नव्हते

ठाणे व कल्याण ही बंदरे होती, ही गोष्ट इतिहासाच्या पाठ्यपुस्तकापुरती मर्यादित राहिली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा उल्लेख येतो. सहाव्या शतकातील कॉसमस या प्रवाशानेही कल्याणच्या व्यापाराची नोंद केली आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याविषयी लिहिले. ऑक्टोबर १६५७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी हस्तगत केली आणि त्यानंतर अल्पावधीतच या परिसरात लढाऊ जहाजांच्या बांधणीस प्रारंभ झाला. मराठा आरमाराचा आरंभ या खाडीच्या काठी झाला, असे म्हणण्यास आधार आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाने स्वीकारलेल्या नव्या ध्वजावरील अष्टकोनी चिन्हाची प्रेरणा महाराजांच्या राजमुद्रेतून घेतलेली आहे, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

या आरमाराच्या उभारणीत एक शैक्षणिक सूत्र दडलेले आहे. किनाऱ्यावरील कोळी, भंडारी आदी समाजांकडे पाण्याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होते. तरीही जहाजबांधणीतील नवे कसब मिळविण्यासाठी महाराजांनी पोर्तुगीज कारागिरांचे साहाय्य घेतले. जन्मजात धाडसाला पद्धतशीर शिक्षणाची जोड लागते, ही जाणीव त्यामागे दिसते.

ब्रिटिश काळात हे सूत्र उलट बाजूने प्रत्ययास आले. कोकणातील असंख्य तरुण ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर खलाशी म्हणून जगभर हिंडले. मात्र त्या बोटींवरील अधिकाऱ्यांच्या जागा त्यांना व्यवहारतः बंद होत्या. कारण धाडसाचा अभाव नव्हते. अधिकारी घडविणारी संस्थाच या देशात नव्हती. वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. भारतीय मालकीचे जहाज आंतरराष्ट्रीय मार्गावर गेल्याची आठवण म्हणून हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जहाज भारतीय झाले, परंतु त्यावर भारतीय अधिकारी येण्यासाठी प्रशिक्षणाची गरज होती. ती १९२७ मध्ये मुंबई बंदरात सुरू झालेल्या 'डफरिन' या प्रशिक्षण जहाजाने भागविली. 'डफरिन'च्या पहिल्या तुकडीतील रामदास कटारी हे १९५८ मध्ये भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. प्रशिक्षणाचे दार उघडल्यापासून अवघ्या ३१ वर्षांत हे घडून आले. 'डफरिन'ची जागा १९७२ मध्ये 'राजेंद्र' या जहाजाने घेतली आणि १९९३ मध्ये ही परंपरा नवी मुंबईतील नेरूळ येथे 'टी. एस. चाणक्य' या किनाऱ्यावरील संस्थेत स्थिरावली.

या इतिहासाचा आजच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. तरुणांमध्ये क्षमता असते. तिला वळण देणारे दार त्यांच्या आवाक्यात आहे की नाही, यावर पुढील सर्व अवलंबून असते.

प्रशिक्षणाचे मार्ग

शालेय व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उपलब्ध असणारे मार्ग स्थूलमानाने तीन आहेत. त्यांच्यातील फरक स्पष्ट नसल्यामुळे विद्यार्थी व पालक यांचा अनेकदा गोंधळ होतो.

पहिला मार्ग राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागाचा. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार १९४८ च्या कायद्याने छात्रसेनेची स्थापना झाली. नौदल विभाग १९५२ मध्ये सुरू झाला. १९६२ च्या युद्धानंतर छात्रसेना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सक्तीची करण्यात आली होती. १९६८ पासून ती पुन्हा ऐच्छिक आहे. छात्र म्हणून नाव नोंदविल्याने सैन्यात जाण्याचे कोणतेही बंधन येत नाही. ही साधी गोष्ट पालकसभेत स्पष्टपणे सांगितल्यास अनेक कुटुंबांची, विशेषतः मुलींच्या पालकांची, धास्ती कमी होईल.

दुसरा मार्ग स्वयंसेवी संघटनांचा. सी कॅडेट कोअर ही संघटना १९३८ मध्ये कराचीत सुरू झाली आणि फाळणीनंतर मुंबईत आली. कुलाब्यातील 'टी. एस. जवाहर' हे तिचे केंद्र आहे. शालेय वयातील मुलामुलींना कवायत, दोरखंडाच्या गाठी, नौकानयन आणि संकेतवहन यांचे शिक्षण येथे मिळते. स्काउट चळवळीतील सी स्काउट ही शाखाही याच प्रकारात मोडते.

तिसरा मार्ग व्यापारी नौवहनातील व्यावसायिक शिक्षणाचा. नोव्हेंबर २००८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेतून 'चाणक्य'सारख्या संस्थांत प्रवेश मिळतो. येथे नेतृत्वगुणांचे शिक्षण असते, परंतु मुख्य हेतू उपजीविकेचा असतो. पहिल्या दोन मार्गांनी गेलेला विद्यार्थी पुढे बँकेत, शाळेत किंवा कारखान्यात गेला तरी त्याचे प्रशिक्षण वाया जात नाही. तिसऱ्या मार्गाविषयी तसे म्हणता येत नाही. म्हणून विद्यार्थ्याने कोणत्या मार्गाने जावे हे ठरविताना हा भेद आधी समजून घ्यावयास हवा.

पाण्यावर नेतृत्व कसे घडते

नेतृत्व हा शब्द महाविद्यालयीन उपक्रमांच्या अहवालांत फार वेळा येतो. बहुधा तेथे त्याचा अर्थ व्यासपीठावर बोलणे असा होतो. पाण्यावर त्याचा अर्थ वेगळा आहे. नौदल विभागात शिकविल्या जाणाऱ्या काही बाबी उदाहरणादाखल पाहिल्यास हे स्पष्ट होईल.

परंपरागत २७ फुटी व्हेलर नाव पाच वल्हेकरी ओढतात आणि सुकाणूवर कॉक्सन बसतो. वल्ह्यांची संख्या विषम असल्याने दोन्ही बाजूंचा जोर सारखा नसतो, तो सुकाणूने व तालाने सांभाळावा लागतो. वल्हेकऱ्यांची पाठ पुढच्या दिशेला असते. म्हणजे नाव कोठे चालली आहे हे ओढणाऱ्यांना दिसत नाही, ते केवळ कॉक्सनला दिसते. त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवावयाचा आणि त्याने तो सार्थ ठरवावयाचा, अशी ही परस्परावलंबी रचना आहे. एकाने जास्त जोर लावून शौर्य दाखविले तर नाव वाकडी जाते. कॉक्सनची आज्ञा अस्पष्ट असेल तर पाच जणांची मेहनत फुकट जाते. आज हुकूम देणारा उद्या वल्ह्यावर बसतो. आज्ञा देण्यापूर्वी आज्ञा पाळण्याचा अनुभव घेणे हा या प्रशिक्षणाचा गाभा आहे.

दोरखंडाच्या गाठींचेही असेच आहे. बोलाइन ही गाठ भार आल्यावर सरकत नाही आणि भार उतरल्यावर सहज सुटते. ती डोळे मिटून, ओल्या हातांनी, घाईत बांधता यावी लागते. गाठ बरोबर आहे की चूक, याचा निकाल परीक्षक देत नाही, दोर देतो. ज्या परीक्षेत सबब चालत नाही अशी परीक्षा विद्यार्थ्याच्या आयुष्यात क्वचितच येते.

दिवसा निशाणांच्या हालचालींनी संदेश देण्याची सेमाफोर पद्धत, होकायंत्राचा उपयोग, जहाजाच्या प्रतिकृती तयार करणे, शीड उभारणे व हाताळणे, मार्गनियम यांचाही अभ्यास असतो. रात्री जहाजाच्या डाव्या बाजूस तांबडा आणि उजव्या बाजूस हिरवा दिवा असतो. समोरील जहाजाचा कोणता दिवा दिसतो यावरून ते कोणत्या दिशेने चालले आहे हे ओळखता येते. रंगांधळेपणा असलेल्या उमेदवारास जहाजाच्या डेक विभागात प्रवेश का मिळत नाही, याचे उत्तर या दोन दिव्यांत आहे.

भरती-ओहोटीचे ज्ञान हा तर ठाणे परिसरातील विद्यार्थ्याला घरच्या अंगणातला विषय वाटावयास हवा. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा कोकण किनाऱ्यावरील जुना हिशेब आहे. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती, असे गणित तांडेल पंचांगावरून करीत आले. पौर्णिमा-अमावास्येचे उधाण आणि अष्टमीच्या आसपासचे भांग यांचा चंद्र-सूर्याच्या आकर्षणाशी असणारा संबंध भौतिकशास्त्राचा प्राध्यापक फळ्यावर समजावू शकतो. तोच विद्यार्थी छापील भरती-कोष्टक उघडून चेंदणी कोळीवाड्यातील एखाद्या वयोवृद्ध नाखव्याच्या हिशेबाशी ते पडताळून पाहील, तर दोन ज्ञानपरंपरा एकमेकींशी बोलू लागतील. प्रशिक्षणात स्थानिक समाजाला पाहुण्याचे नव्हे, तर गुरूचे स्थान मिळण्याची शक्यता येथे आहे.

समुद्राचा उपयोग व्यवसायाकरिता नव्हे तर चारित्र्यघडणीकरिता करावा, या विचाराला जागतिक पार्श्वभूमीही आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची व्यापारी जहाजे बुडविली जात असताना लॉरेन्स होल्ट या जहाज कंपनीच्या प्रमुखास असे आढळले, की बचावनौकांत अनेकदा तरुण खलाशी हाय खातात आणि वयाने मोठे, अनुभवी खलाशी तग धरतात. तरुणांकडे शक्ती होती, पण कठीण प्रसंगी टिकून राहण्याचा सराव नव्हता. होल्ट आणि शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी मिळून १९४१ मध्ये वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे आउटवर्ड बाउंड ही शाळा काढली. समुद्रासाठी शिक्षण देण्याऐवजी समुद्राच्या माध्यमातून शिक्षण द्यावे, ही तिच्यामागील भूमिका होती. छात्रसेनेच्या नौदल विभागाकडे याच दृष्टीने पाहिल्यास कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही त्याचे प्रयोजन पटू शकेल.

प्रवेशाची पद्धत आणि वेळेचे महत्त्व

छात्रसेनेत कनिष्ठ गट शाळेकरिता आणि वरिष्ठ गट अकरावीपासून पुढील विद्यार्थ्यांकरिता असतो. कनिष्ठ गटासाठी वय १२ ते साडेअठरा वर्षे असावे लागते. वरिष्ठ गटासाठी ते २६ वर्षांपर्यंत चालते. कनिष्ठ गटातील दोन वर्षांच्या प्रशिक्षणानंतर 'ए' प्रमाणपत्र परीक्षा होते. वरिष्ठ गटात दुसऱ्या वर्षी 'बी' आणि ते मिळविल्यानंतर तिसऱ्या वर्षी 'सी' प्रमाणपत्र परीक्षा देता येते. या परीक्षांसाठी ठरावीक उपस्थिती व शिबिरातील सहभाग आवश्यक असतो. नौदल विभागातील छात्रांना वार्षिक प्रशिक्षण शिबिराखेरीज अखिल भारतीय नौसैनिक शिबिर, प्रजासत्ताक दिन शिबिर आणि नौदलाच्या जहाजांवरील प्रत्यक्ष प्रशिक्षण यांची संधी निवडीनुसार मिळते.

येथे एक व्यावहारिक अडचण वारंवार उद्भवते. 'सी' प्रमाणपत्राची किंमत विद्यार्थ्याला बहुधा पदवीच्या शेवटच्या वर्षी, नोकरीच्या जाहिराती पाहताना कळते. सशस्त्र दलांच्या अधिकारी निवडीत या प्रमाणपत्रधारकांसाठी काही राखीव जागा असतात आणि विशेष प्रवेश योजनांत लेखी परीक्षेतून सूटही मिळते. परंतु तीन वर्षांचे प्रशिक्षण शेवटच्या वर्षी सुरू करता येत नाही. पदवीच्या प्रथम वर्षात, पहिल्या काही आठवड्यांतच नाव नोंदविणे आवश्यक असते. ही माहिती प्रवेशाच्या वेळी माहितीपत्रकातून आणि स्वागत कार्यक्रमातून दिली गेली नाही, तर ती दिली काय आणि न दिली काय सारखेच.

पूर्वतयारीही लवकर करावी लागते. पोहता येणे, दृष्टीची व रंगज्ञानाची तपासणी करून घेणे आणि शारीरिक क्षमता राखणे या तीन बाबी अकरावीतच पाहाव्यात. नौदल किंवा व्यापारी नौवहन हेच ध्येय ठरविलेल्या विद्यार्थ्याला रंगांधळेपणाची माहिती बारावीनंतरच्या वैद्यकीय तपासणीत प्रथम कळली, तर त्याची दोन वर्षांची स्वप्ने एका दिवसात कोसळतात. नेत्रतज्ज्ञाकडील काही मिनिटांच्या तपासणीने हा आघात टाळता येतो आणि विद्यार्थ्याला वेळीच अन्य मार्ग निवडता येतो.

महाविद्यालयाने करावयाचे काम

छात्रसेनेची तुकडी मिळण्यासाठी संस्थेने अर्ज करावा लागतो. उपलब्ध मंजूर संख्या, संस्थेतील सोयी आणि युनिटची क्षमता पाहून निर्णय होतो. छात्रसेनेचा खर्च केंद्र व राज्य शासन वाटून घेतात, त्यामुळे मंजूर संख्या मर्यादित असते आणि अनेक संस्था प्रतीक्षायादीत राहतात. अशा संस्थांसाठी पूर्ण स्वयंअर्थसहाय्यित योजनेचा पर्याय खुला करण्यात आला आहे. मात्र त्यात खर्चाचा भार संस्थेवर येतो. तो विद्यार्थ्यांच्या शुल्कातून वसूल झाला तर ज्यांना या प्रशिक्षणाची सर्वाधिक गरज आहे तेच बाहेर राहतील, याचे भान व्यवस्थापनाने ठेवणे आवश्यक आहे.

त्याहून कळीचा घटक म्हणजे प्राध्यापक. तुकडीची धुरा सहयोगी एनसीसी अधिकारी म्हणून एका अध्यापकाने सांभाळावी लागते. नियुक्तीपूर्व प्रशिक्षण पूर्ण केल्यानंतर महाविद्यालयातील नौदल विभागाच्या अशा अधिकाऱ्यास सब लेफ्टनंट ही श्रेणी मिळते. मानधन अल्प असते. रविवार कवायतीत जातात, सुट्ट्या शिबिरांत संपतात, कागदपत्रे व गणवेशाची नोंद ठेवावी लागते आणि यादरम्यान अध्यापन, परीक्षा व मूल्यांकन यांतून कोणतीही सूट नसते. त्यामुळे अध्यापक कक्षात हे काम बहुधा सर्वांत नवीन सहकाऱ्याच्या वाट्याला येते. ज्याला पाण्याची आवड आहे त्याच्याकडे ते जात नाही, जो नकार देऊ शकत नाही त्याच्याकडे जाते. तुकड्या कागदावर राहण्याचे हे एक प्रमुख कारण मानावे लागेल. प्राचार्यांनी या कामाचा तासिकाभारात विचार करणे आणि पदोन्नतीच्या मूल्यांकनात त्याची योग्य नोंद होईल हे पाहणे, हे दोन उपाय संस्थेच्या पातळीवर करण्याजोगे आहेत.

धोरणात्मक वातावरण पूर्वीपेक्षा अनुकूल आहे. १५ ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी १७३ सीमावर्ती व किनारी जिल्ह्यांत छात्रसेनेचा विस्तार करून एक लाख नवे छात्र घेण्याची आणि त्यांत सुमारे एक तृतीयांश मुली असतील अशी घोषणा केली. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने छात्रसेना हा निवडीचा श्रेयांक विषय म्हणून स्वीकारण्याविषयी विद्यापीठांना कळविले. श्रेयांक मिळाल्यास विद्यार्थ्याला कवायत आणि तासिका यांपैकी एकाची निवड करावी लागणार नाही.

ठाणे परिसराची विशेष स्थिती

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर मूळ ठाणे जिल्ह्याचा बहुतेक समुद्रकिनारा तिकडे गेला. आजच्या ठाणे जिल्ह्याकडे उत्तनच्या बाजूचा किनारा आणि खाड्यांचे काठ उरले आहेत. सागरी प्रशिक्षणाची केंद्रे दक्षिण मुंबईत एकवटलेली आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे ३४ किलोमीटर, तर कल्याण पन्नास किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. सकाळच्या कवायतीला कुलाब्यात पोहोचण्यासाठी डोंबिवलीच्या मुलाला पहाटेची गाडी पकडावी लागते, आणि रविवारी मेगाब्लॉक असतो. मुलीच्या बाबतीत या पहाटेच्या प्रवासाला घरातून संमती मिळणे आणखी अवघड होते. अंतर हा येथे भूगोलाचा नव्हे, संधीच्या समतेचा प्रश्न ठरतो.

दारातील खाडी वापरावी म्हटले तर तिच्याही मर्यादा आहेत. गाळ साचल्याने ओहोटीत पाणी उरत नाही, सांडपाण्याने ते दूषित झाले आहे आणि काठावर कांदळवन आहे. २०१५ मध्ये ठाणे खाडीच्या एका भागात फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये या खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. म्हणून येथील कोणताही उपक्रम वन विभाग व संबंधित यंत्रणांची परवानगी, भरतीच्या वेळा आणि पक्ष्यांचा हंगाम सांभाळूनच करता येईल.

तथापि या अडचणींमुळे प्रशिक्षण थांबण्याचे कारण नाही. मुंबई व रत्नागिरीप्रमाणेच समुद्रापासून दूर असलेल्या पुण्यातही छात्रसेनेचे नौदल युनिट कार्यरत आहे. गाठी, संकेतवहन, होकायंत्र, नकाशावाचन, जहाजप्रतिकृती हे सर्व विषय वर्गात व मैदानावर शिकविता येतात. नाव वल्हविण्याचे प्राथमिक धडे शांत पाण्यातच द्यावे लागतात. ठाणे हे तलावांचे शहर आहे. महापालिकेची परवानगी, प्रशिक्षित जीवरक्षक, प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट आणि पावसाळ्यात पूर्ण विराम, एवढी शिस्त पाळल्यास उपवनसारखा तलाव प्रारंभिक सरावासाठी उपयोगी ठरू शकेल. महिन्यातून एकदा मुंबईतील युनिटमध्ये सामूहिक सराव आणि उरलेल्या आठवड्यांत स्थानिक प्रशिक्षण अशी विभागणी ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील महाविद्यालयांनी एकत्र येऊन युनिटच्या संमतीने करता येण्याजोगी आहे. चेंदणी बंदर रस्त्यावर विद्या प्रसारक मंडळाचे शैक्षणिक संकुल खाडीच्या काठीच वसलेले आहे. भूगोल, प्राणिशास्त्र, इतिहास या विभागांनी खाडीचा अभ्यास आणि छात्रांचे प्रशिक्षण यांची सांगड घालण्यास या परिसरात मोठा वाव आहे.

मुलींचा सहभाग

नौदल विभाग मुलींनाही खुला आहे, हे अजूनही अनेक पालकांना माहीत नसते. सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच तीच नौका जगाभोवती नेली. या उदाहरणांचा उपयोग केवळ महिला दिनाच्या भाषणापुरता करू नये. तुकडीत मुलींसाठी जागा मागणे, कपडे बदलण्याची स्वतंत्र सोय करणे, प्रवासात महिला सहकारी बरोबर असणे आणि पोहण्याच्या शिकवणीची व्यवस्था करणे या साध्या गोष्टी झाल्या, तरच ती उदाहरणे विद्यार्थिनींना आपली वाटतील.

व्यवसायमार्ग निवडताना सावधगिरी

सागरी प्रशिक्षणाचे आकर्षण वाढले की त्याचा गैरफायदा घेणारेही वाढतात. व्यापारी जहाजावर नोकरी लावून देतो असे सांगून लाखो रुपये उकळणारे मध्यस्थ मुंबईच्या उपनगरांत नवे नाहीत. अशा वेळी विद्यार्थ्याला सल्ला देणारा प्राध्यापकच जवळचा माणूस असतो. त्याने तीन बाबी तपासावयास सांगाव्यात. अभ्यासक्रम व संस्था नौवहन महासंचालनालयाची मान्यताप्राप्त आहे काय, भरती करणाऱ्या कंपनीकडे महासंचालनालयाचा परवाना आहे काय, आणि नोकरी लावण्यासाठी उमेदवाराकडे पैसे मागितले जात आहेत काय. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर तेथेच थांबावे. मान्यतेच्या याद्या महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. प्रशिक्षण पूर्ण करूनही जहाजावरील प्रशिक्षणार्थीची जागा न मिळाल्याने अडकून पडणारे विद्यार्थी असतात. म्हणून प्रवेशापूर्वीच संस्थेला याविषयी लेखी विचारणा करावी.

समारोप

सागरी युवा नेतृत्व-प्रशिक्षणात दाखल होणे ही वरकरणी एका विद्यार्थ्याने अर्ज भरण्याची कृती आहे. तिच्यामागे संस्थेचा अर्ज, एका अध्यापकाची तयारी, माहितीपत्रकातील चार ओळी, वेळेवर झालेली नेत्रतपासणी आणि पहाटेच्या प्रवासाची सोय एवढ्या गोष्टी उभ्या असतात. त्यांपैकी बहुतेक विद्यार्थ्याच्या हातात नसतात, त्या अध्यापक कक्षात ठरतात. कोकणातील खलाशी पिढ्यान्‌पिढ्या समुद्र ओलांडत होते, तरी दार नसल्यामुळे ते डेकवरच राहिले. 'डफरिन'ने दार उघडले तेव्हा एका पिढीत चित्र पालटले. ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील विद्यार्थी आज दररोज खाडी ओलांडतो. ती खाडी त्याच्यासाठी केवळ दोन स्थानकांमधील अंतर राहावी की त्याच्या घडणीचे ठिकाण व्हावी, हा निर्णय आगामी शैक्षणिक वर्षाचे नियोजन करताना महाविद्यालयांनी घ्यावयाचा आहे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी थांबण्यास वेळ नाही, कारण त्यांची तीन वर्षे पहिल्या दिवसापासूनच मोजली जातात.